पुन्हा पाहिलेले बोलपट

चांगले पुस्तक दोनदा वाचावे हे सर्वांस मान्य असते. परंतु एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा लावला की घरातील कोणी ना कोणी 'हा तर पाहिलेला आहे' असे म्हणून उठून जातो. वास्तविक पुनर्भेटीची गरज पुस्तकापेक्षा चित्रपटालाच अधिक. पुस्तकाचे पान आपण आपल्या सवडीने उलटतो. चित्रपट आपल्याला स्वतःच्या गतीने ओढून नेतो, आणि पहिल्या खेपेस कथेमागे धावता धावता बाकीचे पुष्कळसे हातून निसटते. शिवाय मधल्या काळात पाहणाऱ्याचे वय वाढते, संसार वाढतो आणि ज्या पात्राकडे पूर्वी लक्षही गेले नव्हते ते अचानक ओळखीचे वाटू लागते.

यंदाच्या पावसाळ्यात कोल्हापुरातील आमच्या एकत्र कुटुंबाने असे काही जुने व एक अलीकडचा चित्रपट क्रमाने पाहिले. ८६ वर्षांच्या मातोश्रींपासून महाविद्यालयात जाणाऱ्या पुतणीपर्यंत सर्व मंडळी हजर असत. नियम एकच होता. खेळ संपल्यावर प्रत्येकाने आपले मत द्यावे, आणि ते देताना 'छान' व 'कंटाळवाणा' हे दोन शब्द वापरू नयेत. हे दोन शब्द वर्ज्य केले की माणसाला विचार करणे भागच पडते! त्या मतांपैकी काही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ आम्ही गावच्याच बोलपटाने केला. 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट प्रभात कंपनीने कोल्हापुरात तयार केला आणि १९३२ च्या फेब्रुवारीत तो मुंबईत झळकला. प्रभातची स्थापना १९२९ साली येथेच झाली; शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व सीताराम कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. कंपनी पुण्यास गेली ती १९३३ साली. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे.

मुलांची पहिली तक्रार अशी की माणसे एकाच जागी उभी राहून गातात. तक्रार खोटी नाही. परंतु पार्श्वगायन तेव्हा आलेले नव्हते. नटाने गावयाचे ते स्वतःच्या गळ्याने, चित्रीकरण चालू असतानाच, आणि ध्वनिग्राहक यंत्रापासून दूर जाण्याची सोय नाही. 'मानापमाना'च्या चाली बांधणारे टेंबे तेथे उभे राहून गातात ते एवढ्यासाठीच. हे कळल्यावर मुले गाण्याच्या वेळी गप्प बसू लागली.

दुसरी गोष्ट वहिनींनी सांगितली. हीच कथा दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली मूकपटात आणली तेव्हा तारामतीचे काम करण्यास एकही स्त्री मिळाली नाही. साळुंके नावाच्या पुरुषाने ते केले. एकोणीस वर्षांनी त्याच तारामतीच्या वेषात एक सुशिक्षित, सुखवस्तू घराण्यातील स्त्री उभी राहिली. आज आपल्याला यात नवल वाटत नाही. पण १९३२ साली किती घरांतून याविषयी कुजबुज झाली असेल, याची कल्पना आमच्या वाचक भगिनींस सहज करता येईल.

मातोश्रींचे मत मात्र कथेविषयीच होते. त्या म्हणाल्या, "वचन त्याने दिले, आणि विकली गेली ती. लहानपणापासून ही गोष्ट ऐकते आहे, पण तिला कोणी विचारल्याचे कोणत्याच गोष्टीत नाही." यावर आमच्या थोरल्या बंधूंनी सत्यनिष्ठेचा महिमा सांगण्याचा प्रयत्न केला; तो फारसा लांबला नाही.

दुसऱ्या रविवारी 'कुंकू' लागला. १९३७ सालचा हा शांताराम यांचा बोलपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेला. मामाने फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा या विवाहास मनाने कधीच मान्यता देत नाही, एवढेच त्याचे कथानक. शांता आपटे यांची नीरा व केशवराव दाते यांचे काकासाहेब पाहून आजही थक्क व्हावयास होते. पार्श्वसंगीत मुळीच नाही. कानी पडतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. घड्याळाचा टोलही या घरात एखाद्या पात्रासारखा वावरतो.

जरठकुमारी विवाहाचा विषय देवलांनी 'शारदा' नाटकात १८९९ सालीच मांडला होता; परंतु शारदेचे लग्न ऐन वेळी मोडते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. 'कुंकू'त लग्न लागून जाते. पुढे काय, हा प्रश्न शारदेला पडला नाही, तो नीरेला पडला.

पुतणीने विचारले, "ती घटस्फोट का घेत नाही? तो स्वतः वकील आहे ना?" प्रश्न साधा, पण दिवाणखान्यात क्षणभर शांतता पसरली. उत्तर असे, की १९३७ साली पुण्यातल्या ब्राह्मण घरच्या स्त्रीला असा मार्गच नव्हता. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ साली, आणि सर्व देशासाठी हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. उलट विधवेच्या पुनर्विवाहास १८५६ पासून कायद्याची संमती होती. म्हणजे पती जिवंत असेपर्यंत नीरेला वाट नाही. तो नसेल तर आहे! शेवटी पश्चात्ताप पावलेला काकासाहेब तिला मुलीसमान मानतो, तिने पुन्हा विवाह करावा म्हणतो आणि आत्महत्या करतो. हा शेवट आम्हांस पूर्वी नाटकी वाटत असे. या खेपेस तो वेगळा दिसला. आयुष्यभर कायद्याची पुस्तके चाळणाऱ्या माणसाला त्या पुस्तकांत सापडलेली ती एकच पळवाट होती.

मातोश्रींनी शाळकरी वयात हा बोलपट पाहिला होता. त्यांच्या एक आत्याबाई बिजवरास दिलेल्या, तीस वर्षांचे अंतर. घरातील सर्व बायका मिळून 'कुंकू' पाहण्यास निघाल्या तेव्हा आत्याबाईंनी येण्याचे नाकारले. "जे घरी आहे ते पैसे देऊन काय पाहावयाचे?" एवढेच त्या म्हणाल्या. हे वाक्य आमच्यापैकी कोणीही यापूर्वी ऐकले नव्हते. 'कुंकू' लावला नसता तर ते कधीच ऐकले नसते.

इतके गंभीर झाल्यावर मनाला विसावा हवा म्हणून १९३८ सालचा 'ब्रह्मचारी' निवडला. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्सची ही कोल्हापूरची निर्मिती. कथा आचार्य अत्र्यांची. ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन नटींची चित्रे फेकून देणारा औदुंबर आणि त्याच्या व्रताची परीक्षा पाहणारी किशोरी यांची ही गंमत. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखाने त्या वेळी फार मोठी खळबळ माजविली होती. आमच्या घरातील धाकट्यांना तो पोशाख खळबळजनक असल्याचे समजावून सांगावे लागले, आणि तरीही ते त्यांना पटले नाही.

परंतु समजावून सांगावे लागले ते एवढेच नव्हे. अत्र्यांच्या कोट्या, श्लेष, व्याख्यानबाजीची टिंगल यांवर थोरले बंधू पोट धरून हसत होते, आणि पुतणी व पुतण्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. दर पाच मिनिटांस चित्र थांबवून अर्थ सांगावा लागे, आणि अर्थ सांगितलेला विनोद हा उकळून थंड झालेल्या चहासारखा असतो. वेषाची मर्यादा नव्वद वर्षांत कोठल्या कोठे गेली याबद्दल वडीलधारी मंडळी पुष्कळ बोलतात. घरातली भाषा कोठे गेली याबद्दल तितके बोलत नाहीत. आम्हांस दुसऱ्या गोष्टीची चिंता अधिक वाटते. वहिनींचे मत याहून निराळे. त्या म्हणाल्या, सगळा बोलपट औदुंबराच्या नावाचा, पण त्यात स्वतःच्या मनाने वागणारी एकटी किशोरीच आहे.

'शेजारी' १९४१ चा. प्रभातसाठी शांतारामांनी केलेला हा शेवटचा बोलपट. जिवा पाटील व मिर्झा हे दोन वृद्ध जिवलग मित्र. धरण बांधावयास आलेल्या मंडळींच्या आड ते येतात, म्हणून त्यांच्यात वितुष्ट पेरले जाते. अखेर धरण फुटते आणि दोघे हातात हात घालून मरतात. मराठीत जिवाचे काम केशवराव दात्यांनी व मिर्झाचे गजानन जागीरदारांनी केले. हिंदी आवृत्तीत जागीरदार मिर्झाच राहिले आणि हिंदू ठाकूर रंगविला तो मझहर खान यांनी. फाळणीला सहाच वर्षे उरली होती, हे लक्षात घेता या पात्रयोजनेकडे निव्वळ नटांची सोय म्हणून पाहता येत नाही.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने धरणाविषयी पुष्कळ शंका काढल्या. मातोश्री गप्प होत्या. मग त्या १९४८ सालाविषयी बोलल्या. गांधीजींच्या हत्येनंतर कोल्हापुरात उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, ब्राह्मणांची घरेही जळाली. आमच्या आजोळचे घर त्यांपैकी एक. मातोश्री तेव्हा नऊ वर्षांच्या. त्या रात्री त्यांना, त्यांच्या आईला व धाकट्या भावंडांना शेजारच्या मराठा कुटुंबाने आपल्या माजघरात लपविले आणि दारात जमाव आला असता त्या घरचे वडील उंबरठ्यावर उभे राहिले. "घर जाळणारे कोण होते ते आम्ही जन्मभर सांगत आलो," मातोश्री म्हणाल्या, "दारात उभा राहिला त्याचे नाव मात्र तुम्हांपैकी किती जणांना ठाऊक आहे?" कोणालाच ठाऊक नव्हते. ते त्यांनी सांगितले आणि पुतणीने लिहून घेतले.

भालजींनी तो स्टुडिओ पुन्हा उभारला. त्यांच्या १९६५ च्या 'साधी माणसं'चे संगीत 'आनंदघन' या नावाने लतादीदींनी दिले आणि गीते कोल्हापूरच्या जगदीश खेबुडकरांची. तो आमच्या यादीत पुढील महिन्यासाठी राखून ठेवला आहे.

अलीकडच्यांपैकी 'नटरंग' पाहिला. कागलचे आनंद यादव यांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी २०१० साली हा चित्रपट आणला. कुस्तीने कमावलेल्या देहाचा गुणा तमाशाच्या फडासाठी 'नाच्या' होतो आणि गाव, घर, स्वतःचा मुलगाही त्याला दुरावतो. अतुल कुलकर्णींनी या भूमिकेसाठी आधी देह कमावला आणि मग तो उतरविला. थोरल्या बंधूंचा प्रथम आक्षेप होता की तमाशाचा विषय घरात कशाला. तेव्हा पुतणीने विचारले, "बालगंधर्वांनी लुगडे नेसले तर आपण तसबीर लावतो; गुणाने नेसले तर नाक मुरडतो. लुगड्यात फरक की नेसणाऱ्याच्या जातीत?" साळुंक्यांची तारामती तिने चांगली ध्यानात ठेवली होती. बंधूंनी उत्तर दिले नाही, पण चित्रपट शेवटपर्यंत पाहिला आणि गुणाचा मुलगा तोंड फिरवितो त्या जागी त्यांनी चष्मा पुसला. आमच्या मते हे मतच होय.

आता जो चित्रपट आम्हांस पाहावयाचा होता आणि पाहता आला नाही त्याविषयी. बाबूराव पेंटरांनी येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, दामल्यांच्या साहाय्याने स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट केला. त्याची कथाही 'कुंकू'च्या आपट्यांचीच. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम यांनी केले होते. देवदेवतांच्या त्या जमान्यात शेतकऱ्याचे दैन्य पडद्यावर आणणारा हा चित्रपट आज उपलब्ध नाही. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या. त्या आपोआप कुजत, एका ठिणगीने पेट घेत, आणि जुन्या झालेल्या फिती आतील चांदीसाठी विकल्या जात. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ काही गेले होते. ज्यांनी 'सावकारी पाश' पाहिला त्यांची मते त्या वेळी कोणी घरोघर टिपून ठेवली असती, तर निदान त्याची सावली तरी उरली असती.

बोलपट सुदैवाने टिकले आहेत आणि आता घरबसल्या पाहताही येतात. टिकणार नाहीत ती ते पाहणारी माणसे. म्हणून आमची सूचना एवढीच, की ज्या घरात ऐंशी-नव्वद वर्षांचे कोणी आहे त्या घराने महिन्यातून एक रविवार राखून ठेवावा, त्यांच्या तरुणपणीचा एखादा बोलपट त्यांच्याबरोबर पाहावा आणि वही-पेन्सिल मुलांच्या हाती द्यावी. चित्रपटाविषयी त्या काय म्हणतात ते लिहावेच. त्या निमित्ताने जे दुसरे बोलतील तेही लिहावे. आमच्या वहीची तेरा पाने भरली आहेत. त्यांपैकी चित्रपटांविषयीची पाने जेमतेम पाच आहेत.