मिथेन फोडणारे तांबे

भातखाचरातला चिखल प्रयोगशाळेत येतो तेव्हा त्यातला हवा तो जिवाणू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून त्याची निवड खाद्यावर सोपवतात. बाटलीत खनिज क्षारांचे पाणी असते. साखर नाही, पेप्टोन नाही. रबरी बूच बसवायचे, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची टोपी घट्ट दाबायची आणि सिरिंजने आतल्या हवेत मिथेन सोडायचा. मिथेनवर जगणारेच तिथे वाढतात. त्यातला थेंब पुढच्या बाटलीत, तिच्यातला त्यापुढच्या, असे पातळ करत जायचे आणि थांबायचे. पाणी गढूळ व्हायला कधी काही दिवस लागतात, कधी आठवडे. आतला वायू गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजला आणि मिथेन घटलेला दिसला, की पुढचे काम सुरू.

पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर यांच्या गटाने अशाच चिकाटीने इथल्या भातखाचरांतले मिथेनभक्षी जिवाणू वेगळे केले. त्यांतला एक, मिथिलोक्युक्युमिस ओरायझी, चांगला मोठा आणि काकडीसारखा लांबट आहे.

हा जिवाणू जे खातो ते फोडणे भल्याभल्यांना जड जाते. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे 439 किलोज्यूल ऊर्जा लागते. कारखान्यात मिथेनचे मिथेनॉल करायचे तर आधी वाफेबरोबर 800 अंशांच्या आसपास तापवून त्याचे दुसरेच वायू करावे लागतात आणि मग मोठ्या दाबाखाली ते पुन्हा जोडावे लागतात. जिवाणू हे काम खाचरातल्या पाण्याच्या तापमानाला करतो. ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू तो मिथेनमध्ये घुसवतो, दुसऱ्याचे पाणी होते. त्यासाठी दोन इलेक्ट्रॉन नेमक्या जागी पोचावे लागतात.

ती जागा मिथेन मोनोऑक्सिजनेज नावाच्या प्रथिनात असते. बहुतेक मिथेनभक्षींमध्ये हे प्रथिन पेशीच्या आतल्या पटलांत रुतलेले असते. त्याचे तीन घटक, पीएमओए, पीएमओबी आणि पीएमओसी, आणि असे तीन संच एका वर्तुळात. सगळे मिळून वजन सुमारे तीन लाख डाल्टन.

रॅकेल लिबरमन आणि एमी रोझेनझ्वाइग यांनी 2005 मध्ये त्याची स्फटिकरचना मांडली. तांबे दिसले, पण अडचण मोठी होती: पटलातून बाहेर काढून शुद्ध केलेले प्रथिन जवळजवळ निकामी व्हायचे. पुढे काही वर्षे पीएमओबीतल्या तांब्यालाच क्रियेचे ठिकाण मानले गेले. पीएमओसीचा काही भाग तर स्फटिकात नीट दिसतच नव्हता.

2022 मध्ये रोझेनझ्वाइग यांच्याच गटाने प्रथिन मेदाच्या छोट्या चकत्यांत पुन्हा बसवले. क्रिया परत आली. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पीएमओसीचा तो हरवलेला भाग घडी घालून जागेवर बसलेला दिसला आणि तिथेच तांब्याची एक नवी जागा सापडली. प्रथिनाला चिकटून मेदाचे रेणूही होते. म्हणजे रचनेचा हिशेब अमिनो आम्लांवर संपत नव्हता. भोवतीचे पटल तिचाच भाग होते.

काही जिवाणू तांबे दुर्मीळ झाले की वेगळेच प्रथिन वापरतात. ते पाण्यात विरघळते आणि त्यात लोहाचे दोन अणू खोल खोबणीत शेजारीशेजारी असतात. पण तांब्याचे यंत्र पटलाशिवाय चालवणे अजून कठीणच आहे. त्यामुळे मिथेनपासून उपयोगी काही बनवू पाहणाऱ्यांना सुटे प्रथिन पुरत नाही, अख्खी जिवंत पेशी लागते. खाचरातून वेगळा काढून जपलेला प्रत्येक वाण त्यांच्यासाठी तयार पटलासकट येतो.