दात वयाने पडत नाहीत

‘वय झालं, आता दात पडायचेच,’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पण नुसत्या वयामुळे दात पडत नाहीत. ते जातात मुख्यतः दोन आजारांनी: दातांची कीड आणि हिरड्यांचा विकार, म्हणजे पायोरिया. दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येतात. तरीही काहींचे दात लवकर जातात, कारण उपचार कधी मिळणार हे कमाई आणि कामाच्या वेळा ठरवतात.

पारनेर तालुक्यातील सुपा हे नगर-पुणे रस्त्यावरचे गाव. इथे औद्योगिक वसाहत आहे आणि भोवती अवर्षणग्रस्त शेती. कंपनीतला कंत्राटी कामगार असो वा रोजाने खुरपणीला जाणारी बाई, दाढ दुखली की आधी लवंग, मग मेडिकलमधली गोळी. दवाखान्यात जायचे तर दिवसाचा रोज बुडतो. दाढ वाचवायला रूट कॅनाल आणि कॅप करायची, तर अनेकदा दोन-तीन फेऱ्या आणि काही हजार रुपये लागतात. दाढ काढणे मात्र एका फेरीत, कमी पैशांत होते. त्यामुळे आजार तोच असूनही पगारी रजा मिळणाऱ्याची दाढ वाचते आणि रोजंदारीवाल्याची जाते.

त्यात तंबाखूची भर पडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील जवळपास चारपैकी एक प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. मशेरीने दात बळकट होतात, हा गैरसमज आहे. तंबाखू ठेवतात तिथली हिरडी मागे सरकते, मुळे उघडी पडतात आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो.

दात गेले की भाकरी, शेंगदाणे, कच्च्या भाज्या सुटतात आणि चहात बुडवलेली बिस्किटे उरतात. आहार निकस होतो. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते.

हे बदलू शकते. जपानने १९८९ मध्ये ‘८०२०’ मोहीम सुरू केली: वयाच्या ८०व्या वर्षी स्वतःचे २० दात. तेव्हा हे दहांतल्या एकालाही जेमतेम जमत होते; २०१६ च्या पाहणीत हे प्रमाण निम्म्यावर पोहोचले. नियमित तपासणी आणि सतत केलेले लोकशिक्षण यांचा त्यात मोठा वाटा होता.

फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासा. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका, तपासून घ्या. दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातील व्रण किंवा पांढरा चट्टा लगेच दाखवा. दाढ काढल्याने नजर जात नाही. दुखणे अंगावर काढल्याने मात्र दाढ जाते. कारखान्यांनीही वार्षिक आरोग्य तपासणीत दातांचा समावेश करावा आणि कंत्राटी कामगारांना त्यातून वगळू नये. कीड लहान असताना सापडली, तर एका फेरीत सिमेंट भरून दाढ वाचते.