‘मूळव्याधच असेल’ म्हणून गप्प राहू नका

रोवणीच्या दिवसांत आमगाव-सालेकसा भागातल्या बाया दिवसभर बांधीत वाकलेल्या असतात. लघवीला आडोसा नाही म्हणून पाणी कमी पितात. ताटात भात जास्त, भाजी कमी. मग शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात; हीच मूळव्याध. रक्त पडू लागलं तरी लाजेपोटी घरात कुणी बोलत नाही.

मूळव्याधीचं रक्त बहुधा ताजं, लालभडक असतं. शौचानंतर थेंब थेंब पडतं किंवा मळाला वरून लागतं, आणि सहसा दुखत नाही. कापल्यासारखी कळ येत असेल तर गुदद्वाराला चीर पडलेली असू शकते. मळात मिसळलेलं गडद रक्त मात्र आतड्याच्या आजाराचं, कधी कॅन्सरचंही असू शकतं. डांबरासारखा काळा, चिकट मळ म्हणजे जठरातल्या अल्सरमधून रक्तस्राव होत असण्याची शक्यता. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, पण तो निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात आणखी एक धोका आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यामुळे एखाद्या बाईचा चेहरा पांढरा पडला, चढावर दम लागला की ‘हिला रक्तच कमी आहे’ म्हणून विषय संपतो. शौचातून रक्त जातं का, हे ना कुणी विचारत, ना ती सांगत. थोडं थोडं रक्त महिनोन्‌महिने गेलं तरी हिमोग्लोबिन घसरतं. मला ही गप्प बसण्याची सवय मूळव्याधीपेक्षा घातक वाटते.

भरपूर पाणी, तरोट्यासारख्या पालेभाज्या आणि कोमट पाण्यात बसणं यांनी सुरुवातीचा त्रास पुष्कळदा कमी होतो. तरीही शौचातून रक्त पडलं की एकदा तपासून घ्यावंच. चाळिशी उलटलेली असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर अजिबात थांबू नये. रक्त थांबेना, चक्कर आली किंवा मळ काळा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तपासणीसाठी गोंदियाचं केटीएस रुग्णालय आहे; ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. बोटाने आणि छोट्या नळीने होणारी प्राथमिक तपासणी काही मिनिटांची असते. ‘शर्तिया इलाज’च्या पाटीखाली निदानाविना इंजेक्शन घेऊ नका, त्याने जखम चिघळू शकते, गुदद्वार आकसू शकतं.

डॉक्टरांना रक्ताचा रंग, किती दिवसांपासून पडतं आणि दुखतं का, हे स्पष्ट सांगा. सिकलसेलचं कार्ड असेल तर तेही सोबत न्या.