ग्रहीय संरक्षण

ग्रहीय संरक्षण म्हणजे पृथ्वीवरील सूक्ष्मजीव अवकाशयानासोबत इतर ग्रह-उपग्रहांवर जाऊ नयेत, तसेच तेथून आणलेल्या नमुन्यांमुळे पृथ्वीवर संसर्ग होऊ नये, यासाठी घेतली जाणारी खबरदारी होय. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमाने ही जबाबदारी सदस्य राष्ट्रांवर टाकली आहे. भारत या कराराचा सदस्य आहे. तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वे 'कोस्पार' ही आंतरराष्ट्रीय समिती ठरवते.

कारणे
अवकाशयानाची जोडणी धूळविरहित कक्षात होत असली, तरी यान पूर्णतः जंतुमुक्त राहत नाही. काही जीवाणू प्रतिकूल परिस्थितीत बीजाणूंचे रूप घेतात व उष्णता, शुष्कता आणि किरणोत्सर्ग सहन करतात. असे जीवाणू मंगळावर पोहोचल्यास तेथे पुढे आढळणारा जीव मूळचा तेथील की पृथ्वीवरून गेलेला, हे ठरवणे कठीण होईल.

उपाय
१९७५ मध्ये मंगळाकडे निघालेल्या वायकिंग यानांचे अवतरक उष्णतेने निर्जंतुक करण्यात आले होते. युरोपा या उपग्रहावर गॅलिलिओ यान आदळू नये, म्हणून २००३ मध्ये ते गुरूच्या वातावरणात नष्ट करण्यात आले. २०१७ मध्ये कॅसिनी यानाचा शेवट शनीच्या वातावरणात करण्यामागेही असेच कारण होते.

पुण्यातील अभ्यास
नमुना खरोखर कोठला, हा प्रश्न पृथ्वीवरील एका भारतीय प्रयोगातही महत्त्वाचा ठरला. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत गोळा केली. पुण्याच्या आयुका संस्थेचे जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते. नमुन्यांची तपासणी हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र ही संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र यांनी स्वतंत्रपणे, मात्र सारख्याच पद्धतीने केली. जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती आढळल्या. त्यांतील तीन जीवाणू नव्या प्रजातींचे होते. २००९ मध्ये त्यांना जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई अशी नावे देण्यात आली. मात्र ते पृथ्वीबाहेरून आल्याचे या प्रयोगातून निर्णायकपणे सिद्ध झाले नाही, असे इस्रोने स्पष्ट केले.

नमुना गोळा करणारे साधन निर्जंतुक असले, तरी सापडलेल्या जीवाचे मूळ ठरवणे किती अवघड असते, हे या प्रयोगातून दिसते. परग्रहावरील शोधात यानासोबत गेलेले सूक्ष्मजीव ही अडचण आणखी वाढवू शकतात.