घरातली प्रयोगशाळा : पेला, मीठ आणि ओलं फडकं

आज आपण मुलांच्या विज्ञानाविषयी बोलणार आहोत. बचत गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला की बायका पटकन म्हणतात, "आम्ही कुठं शिकलोय? विज्ञान शाळेतल्या गुरुजींनी शिकवावं." पण चूल, पाणी, धान्य आणि माठ यांच्याशी रोज कोणाचा संबंध येतो? आपलाच. म्हणून पुस्तकातली व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना घरातच तीन गोष्टी करून दाखवूया. खर्च जवळजवळ काहीच नाही.

पहिला प्रयोग हवेचा. स्टीलचा पेला काठोकाठ पाण्यानं भरा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड, सपाट तुकडा त्यावर ठेवा. तळहातानं दाबून धरून पेला बादलीवर उलटा करा आणि हळूच हात काढा. कागद पडत नाही, पाणीही सांडत नाही! हवा आपल्या भोवती सगळीकडून दाबत असते. दर चौरस सेंटीमीटरवर साधारण 1 किलो वजन ठेवावं इतका तो दाब असतो. पेल्यातल्या पाण्याचं वजन त्यापुढे काहीच नाही, म्हणून हवा खालून कागद धरून ठेवते.

याचा आपल्या विहिरीशीही संबंध आहे. काठावर बसवलेला पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. हवेची ही ताकद जास्तीत जास्त 10 मीटरपर्यंत पुरते, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच. म्हणून उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की मोटार खाली सरकवावी लागते.

दुसरा प्रयोग मिठाचा. पेलाभर पाण्यात कच्चं अंडं सोडा. घरात अंडं चालत नसेल तर छोटा बटाटा घ्या. तो तळाशी जाईल. आता एकेक चमचा मीठ टाकून हलकेच ढवळा आणि चमचे मुलांना मोजू द्या. एका क्षणी अंडं वर येईल. मीठ विरघळलं की तेवढ्याच जागेतलं पाणी जड होतं आणि जड पाणी वस्तूला जास्त जोरानं वर उचलतं.

भातशेती करणाऱ्या सख्यांना यावरून काही आठवलं असेल. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकतात. पोकळ, हलकं बी तरंगतं, ते काढून टाकायचं. तळाशी बसलेलं भरीव बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. पोकळ बी पेरलं तर रोप नीट येत नाही आणि हंगाम कोणासाठी थांबत नाही. हे काम यंदा मुलांना सोबत घेऊन करा.

तिसरा प्रयोग गारव्याचा. सारख्या दोन बाटल्यांत सारखंच पाणी भरा. एकीला ओलं फडकं गुंडाळा. दोन्ही सावलीत, वाऱ्याला ठेवा आणि फडकं ओलं राहू द्या. तासा-दोन तासांनी पाण्याला बोट लावून बघा. फडक्यातलं पाणी गार लागेल. पाणी वाफ होऊन उडताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं. माठ असाच गार करतो, पाझरून. त्याला बाहेरून ऑइलपेंट दिला तर छिद्रं बुजतात आणि पाणी तितकं गार होत नाही. विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून भाजी ताजी ठेवतात, तेही याच युक्तीनं. हाच प्रयोग वैशाखात आणि श्रावणात करून बघा. दमट हवेत फरक कमी का पडतो, हे मुलांनाच शोधू द्या.

सख्यांनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रयोगाआधी मुलांना विचारा, "काय होईल असं वाटतं?" एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि उत्तर लगेच सांगू नका. प्रयोग फसला तर कागद वाकला होता का, मीठ कमी पडलं का, हे त्यांनाच बघू द्या. वीज शिकायची असेल तर टॉर्चचे सेल आणि छोटा बल्ब वापरा. भिंतीवरच्या बोर्डाला मुलांनी हात लावायचा नाही, हे मात्र ठाम सांगा.

आणखी एक. प्रयोग सुरू झाला की पुष्कळ घरांत मुलगा पुढे बसतो आणि मुलगी भांडी आवरायला जाते. तसं होऊ देऊ नका. पेला तिच्याही हातात द्या. "असं का होतं?" हे विचारायची सवय लागलेली मुलगी उद्या औषधाची चिठ्ठी, खताची गोणी आणि कर्जाचा कागदही नीट वाचून बघेल.

या आठवड्यात गटाच्या बैठकीला मुलांना घेऊन या आणि एक तरी प्रयोग सगळ्यांसमोर करा. मुलांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. उत्तर नाही आलं तरी चालेल, आपण मिळून शोधू.