इन्स्टॉलरचं वजन आणि त्यातली मराठी

आज चेन्नईहून बोलतोय, आणि विषय आहे इन्स्टॉलरच्या वजनाचा. तुम्ही लिहिलेला प्रोग्राम २ एमबीचा, पण त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या ८० एमबीच्या. त्या सोबत बांधून द्यायच्या का?

न देण्याची रीत कशी चालते याचं उदाहरण याच शहरात आहे. इथल्या सी-डॅकने २००७ साली डेबियनवर आधारलेलं बॉस लिनक्स आणलं. डेबियनमध्ये लायब्ररी संगणकावर शक्यतो एकदाच ठेवतात आणि सगळे प्रोग्राम तीच वापरतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला. या रचनेत त्यावरची दुरुस्ती म्हणजे एक पॅकेज बदला, प्रोग्राम पुन्हा सुरू करा. (सर्व्हरवाल्यांना किल्ल्याही बदलाव्या लागल्या, ते वेगळं.)

विंडोजवर अशी सामायिक कोठी नाही. समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे, मुळात आहे का, हे कळत नाही. म्हणून तिथे मी लायब्ररी सोबतच देतो. डिस्कवरच्या ८० एमबीचं आज कुणाला काही वाटत नाही. डाउनलोडचं मात्र वाटतं: मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्या माणसाला दर महिन्याच्या अपडेटला पुन्हा तेच ८० एमबी, म्हणजे वर्षाला जवळजवळ १ जीबी. तेव्हा बदललेला भागच पाठवणारा अपडेटर लावा.

पण मला एमबीपेक्षा जबाबदारीचं ओझं जास्त वाटतं. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या छोट्याशा लायब्ररीत गंभीर दोष निघाला. इलेक्ट्रॉनवर बांधलेलं प्रत्येक ॲप क्रोमियमची स्वतःची प्रत घेऊन फिरतं, आणि त्या प्रतीत ही लायब्ररी असते. क्रोम दुरुस्त झाला, म्हणून ती ॲप्स दुरुस्त झाली नाहीत. प्रत्येक कंपनीला आपापला अपडेट काढावा लागला. लायब्ररी सोबत दिलीत, की तिचे दोषही तुमचेच. काय काय बांधलंय आणि कोणत्या आवृत्तीचं, याची यादी ठेवा.

आता काटछाटीबद्दल, कारण इथे आपलं नुकसान होतं. तारखा, आकडे, अकारविल्हे क्रम हे सगळं आयसीयू नावाची लायब्ररी सांभाळते. जगभरच्या भाषांची तिची माहिती २५-३० एमबी भरते, म्हणून वजन कमी करताना कात्री आधी तिच्यावर चालते. नोड जेएसची तयार आवृत्ती २०१९ पर्यंत फक्त इंग्रजीची माहिती घेऊन यायची. मराठी तारीख मागितली, तर एरर न देता मुकाट्याने इंग्रजी तारीख मिळायची. आवृत्ती १३ पासून सगळ्या भाषा आल्या. तमिळचीही तीच गत होती, हे इथल्या मित्रांना सांगायला नको!

छाटायचंच असेल तर न वापरलेले मोड्यूल, डीबगच्या फायली काढा. आणि इन्स्टॉलर बाहेर पाठवण्याआधी, लायब्रऱ्या वेगळ्या बसवलेल्या नसलेल्या कोऱ्या संगणकावर तो चालवून मराठीत एक तारीख छापून पाहा.