गेवराईपर्यंत पोचलेला नाताळ

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याच्या आतच भरले. बीड जिल्ह्यात तर ते त्याहूनही कितीतरी कमी. तरीही डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेतली बालवाडीची पोरे लाल टोप्या घालून निघतात, बेकरीत प्लम केक दिसू लागतो आणि स्टेशनरीच्या दुकानाबाहेर चमकीच्या चांदण्या लटकतात. धर्म ज्यांचा ती माणसे मोजकी, सण मात्र पुष्कळांचा. याचे कारण चर्चमध्ये कमी आणि सरकारी दफ्तरात, शाळेत व बाजारात जास्त सापडते.

मुळात पश्चिमेकडेही या सणाने बरेच चढउतार पाहिले. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत दिलेली नाही. २५ डिसेंबरची रोममधली जुन्यात जुनी नोंद इ.स. ३३६ ची आहे. ऐन हिवाळ्यातला, शेतीची कामे उरकल्यानंतरचा हा काळ; त्यामुळे प्रार्थनेबरोबर खाणेपिणे आणि दंगामस्तीही शतकानुशतके चालत आली. कडव्या प्रॉटेस्टंटांना, म्हणजे प्युरिटनांना, ते खपेना. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळावर बंदी घातली, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तो साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होत असे. आज ओळखीचा असलेला घरगुती, मुलांचा नाताळ ही एकोणिसाव्या शतकाची निर्मिती. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३ ची, नाताळचे पहिले छापील भेटकार्डही त्याच वर्षीचे. राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या सजवलेल्या झाडाचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात आले आणि झाडाची हौस मध्यमवर्गात शिरली. थॉमस नॅस्ट या अमेरिकी व्यंगचित्रकाराने १८६३ पासून सांताक्लॉजला गोलमटोल केले. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी त्याचे हे रूप जगभर पक्के केले. झाड, कार्ड, लाल डगल्यातला म्हातारा, यांतल्या कशालाही बाप्तिस्मा लागत नाही.

मराठवाड्याच्या आसपास ख्रिस्ती धर्म आला तो हा नवा नाताळ रुळण्याआधीच, आणि ज्यांनी आणला त्यांच्याच घरी या सणाचे फारसे कौतुक नव्हते. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) १८३१ मध्ये ठाण मांडणारे अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. आणि त्या स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ साल उजाडले. नगर-जालन्याच्या मराठी ख्रिस्ती घरांत सण पुढे चांगला रुजला, पण इथल्या वळणाने. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-कीर्तनाची वाट घालून दिली होती. फराळाला करंज्या, चकल्या, लाडू, चिवडा असतो आणि त्याची ताटे शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांत जातात. ही देवाणघेवाण जुनी आणि मनापासूनची. मात्र ती शेजाराच्या पलीकडे जात नाही. जिथे ख्रिस्ती शेजारच नाही तिथे नाताळ पोचला तो दुसऱ्या वाटेने, सुट्टी म्हणून.

ब्रिटिश मुलखात ही सुट्टी कायद्यातच लिहिलेली होती. चेक न वटण्याच्या खटल्यांमुळे आज व्यापाऱ्यांना पाठ झालेला १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम. त्याच्या २५ व्या कलमात रविवारच्या जोडीला नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची नावे होती. पुढे ती वगळली गेली, पण सरकारी सुट्ट्यांची यादी अजूनही याच कलमाखाली निघते. कोर्ट-कचेऱ्या बंद, वकील आणि शिक्षक मोकळे, असा आठवडा वर्षातून एकदा हमखास मिळू लागला आणि देशी पुढाऱ्यांनी तो बरोबर हेरला. काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत २८ डिसेंबर १८८५ रोजी भरले आणि नंतरही कित्येक वर्षे अधिवेशने याच दिवसांत होत राहिली. महाडला डॉ. आंबेडकरांनी मनुस्मृतीचे दहन केले तेही २५ डिसेंबर १९२७ रोजी, आणि आता अनेक संघटना हा दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. साहेबाच्या सणाने रिकामा केलेला वेळ असा भलत्याच कामी आला.

गेवराई तेव्हा या कायद्याच्या हद्दीबाहेर, निजामाच्या राज्यात होती. तिथल्या दफ्तरात फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, चाले. मराठवाड्यातल्या जमिनींच्या जुन्या कागदांवर तो आजही वाचावा लागतो. हे वर्ष डिसेंबरअखेर संपत नसे, त्यामुळे ३१ डिसेंबरला तिथे काही मोल नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि मुंबईची सुट्ट्यांची यादी गेवराईच्या तहसिलीत लागू झाली.

या सुट्टीचा लोकांनी केलेला उपयोग पाहण्यासारखा आहे. शाळांच्या सहली वेरूळ-दौलताबादला निघतात, त्या याच थंडीच्या दिवसांत. नाताळला शनिवार-रविवार जोडून आला की शिर्डी, अक्कलकोट, तुळजापूरच्या रांगा वाढतात; शिर्डीचे साईमंदिर तर ३१ डिसेंबरच्या रात्री दर्शनासाठी खुले ठेवले जाते. ख्रिस्तजन्माची सुट्टी आणि साईबाबांचे दर्शन यांत कोणालाच काही वावगे वाटत नाही.

सजावट आणि सांता ही मात्र अलीकडची भर. १९९० नंतर केबल टीव्ही घरात आला, पाठोपाठ तालुक्या-तालुक्यांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. ‘डे’ साजरे करणे हा अशा शाळांच्या जाहिरातीचाच भाग असतो: गोकुळाष्टमीला दहीहंडी, आषाढीला दिंडी, डिसेंबरात सांता. झगा फॅन्सी ड्रेसच्या दुकानातून भाड्याने येतो, दाढी कापसाची. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यातही ही दाढी औषधाच्या दुकानातल्या गुंडाळीचीच असते, कारण ती सरळ चिकटते. फोटो पालकांच्या ग्रुपवर पडतात आणि कार्यक्रम संपतो. केकला तर नाताळची गरजच उरलेली नाही. वाढदिवसाने तो आधीच घरोघर नेला आहे आणि अंडे न घातलेला केक मिळू लागल्यापासून सोवळ्याचीही अडचण राहिलेली नाही.

जपानशी तुलना इथे उपयोगी पडते. तिथेही ख्रिस्ती एक टक्क्याच्या आसपास, आणि २५ डिसेंबरला तर सुट्टीही नाही. तरी १९७४ पासून केएफसीच्या जाहिरातींनी नाताळला तळलेल्या कोंबडीची प्रथाच पाडली. जपानमध्ये बाजाराने सण आणला. महाराष्ट्रात सुट्टी आधी आली आणि बाजार शंभर वर्षांनी.

या वाटून घेतलेल्या सणाला विरोधही आहे. २०१४ पासून २५ डिसेंबरला तुळशीपूजन दिवस पाळण्याची टूम निघाली. त्याच वर्षीपासून अटलबिहारी वाजपेयींच्या जन्मदिनानिमित्त केंद्र सरकार हा दिवस सुशासन दिन म्हणून साजरा करते. काही शाळा सांताच्या जोडीला तुळसही ठेवून दोन्हीकडच्या पालकांना खूश करतात. थर्टी फर्स्टच्या ढाब्यावरच्या पार्ट्यांवर होणारी टीका वेगळी, तिचे कारण धर्मापेक्षा दारू.

शिवाय हा सण सगळ्या तालुक्याचा अजून झालेला नाही. दिवाळीच्या आगेमागे गेवराईतली हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. काही मुले गावी आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर फडावरच्या खोपीत. गाळप २५ डिसेंबरला बंद नसते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने टोळीही त्या दिवशी फडातच असते.